न विचारता उघडायचे डबे

हिंगाच्या डबीच्या मागच्या बाजूला काय छापलंय, ते फारसं कुणी वाचत नाही. अक्षरं बारीक असतात, आणि झाकण उघडलं की आत काय आहे ते घरभर आपोआप कळतं. वाचायची गरज काय? पण डबी खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवली, तर तिथे घटकांची एक ओळ सापडते. खाद्य डिंक, मैदा किंवा गव्हाचं पीठ, आणि हिंग. अफगाणिस्तान-इराणकडून येणारा मूळ हिंग इतका उग्र असतो की तो तसाच फोडणीत टाकता येत नाही. पिठात आणि डिंकात कालवून तो सौम्य करतात आणि मग तो आपल्या डबीत येतो. चिमूटभर हिंगात मैदा तो कितीसा असणार, आणि ती चिमूट आमटीच्या पातेल्यात कुठच्या कुठे जाणार. पण आमच्या घरात तेवढ्या मैद्यालाही जागा नाही. माझ्या लेकीला सीलिॲक आहे. मलाही आहे, पण ते मागाहून कळलं.

सीलिॲक ही ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की काही जणांच्या शरीराची संरक्षणयंत्रणा बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर उठते. आतड्याच्या आतल्या बाजूला, नव्या टॉवेलावर असते तशी बारीक लव असते. अन्नातलं सत्त्व ती शोषून घेते. ही लव हळूहळू झडते, आतडं सपाट होत जातं. मग मूल जेवतं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. ग्लूटेन बंद करायचं, आयुष्यभर, एवढा एकच उपाय.

लेक शाळेच्या रांगेत कायम पहिली उभी असायची, सगळ्यांत बुटकी म्हणून. हातपाय बारीक, पोट तेवढं पुढे आलेलं. लोहाच्या औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या संपत होत्या आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. जंताचं औषध देऊन झालं, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढून झाली. ती फार चिडचिड करायची; कुणी म्हणालं, लाडावलीय. शेवटी एका डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, जुने कागद चाळले आणि रक्ताची एक तपासणी लिहून दिली, टीटीजी. ती बरीच वाढलेली आली. पुढे एंडोस्कोपी करून आतड्याचा बारीकसा तुकडा तपासायचा होता. तोवर गहू बंद करू नका, असं त्यांनी बजावलं, कारण गहू थांबला की आतडं भरून येऊ लागतं आणि निदान हुकतं. त्या मधल्या काळात तिला पोळी वाढताना माझा हात जड व्हायचा. जे तिला बाधतंय असं वाटत होतं, तेच मी तूप लावून तिच्या ताटात ठेवत होते.

निदान झालं आणि स्वयंपाकघर नव्यानं वाचायची वेळ आली. पोळी, पाव, बिस्किटं, शेवया, रवा, नूडल्स ही उघड दिसणारी मंडळी. ती एका संध्याकाळीत तिच्या ताटातून बाहेर गेली. अवघड होतं ते न दिसणाऱ्यांचं. थालिपिठाच्या भाजणीत मूठभर गहू असतो. सातूच्या पिठात असतो. सोया सॉसमध्ये असतो. आणि मेतकुटात असतो, हे कळलं तेव्हा मी खरोखर खाली बसले. ताप उतरल्यावर, पोट बिघडल्यावर, काहीच जाईनासं झाल्यावर आपण काय देतो? मऊ भात, तूप, मेतकूट. तिचं पोट बिघडलं की घरातलं सगळ्यांत मायेचं अन्न म्हणून मी तेच भरवत आले होते. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, धणे, जिरे, सुंठ, आणि थोडे भाजलेले गहू. आता आमच्या मेतकुटात गहू नाहीत, तांदूळ थोडे जास्त घालतो. चवीत फरक पडतो, पण थोडाच, आणि तो फक्त सासूबाईंना कळतो.

पुढे घरातलं कणकेचं शेवटचं पीठ कुणाला तरी देऊन टाकायचं ठरलं, त्याआधी मी त्यातला एक गोळा मळला. लेकीला समोर उभं केलं आणि तो गोळा नळाखाली धरून चोळत राहिले. पांढरं पाणी वाहून जात राहिलं. बराच वेळ गेल्यावर पाणी स्वच्छ झालं आणि मुठीत उरला एक पिवळसर, चिवट गोळा. ताणला की लांब व्हायचा, सोडला की पुन्हा आखडायचा. पोळीला पदर सुटतात, पाव फुगून जाळीदार होतो, शेवयांचा लांब दोरा तुटत नाही, ते सगळं या ग्लूटेनच्याच जोरावर. माझ्या माहेरी, सोलापूरला, उन्हाळ्यात कुरडया व्हायच्या तेव्हा हेच काम मोठ्या प्रमाणावर चालायचं. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून चीक काढायचा, चोथा गुरांपुढे. पातेल्याच्या तळाशी बसलेला तो चीक शिजला की सोऱ्यात भरायच्या आधी आम्हा मुलांच्या वाट्यांत थोडा पडायचा. चीक म्हणजे बहुतेक सगळा पिठूळ भाग. चिवटपणा चोथ्याबरोबर निघून जातो. बहुतेक जातो, सगळा नाही. म्हणून लेकीला तीही कुरडई चालत नाही. आता गच्चीत ज्वारीच्या आणि तांदळाच्या कुरडया वाळतात. त्या तेलात टाकल्या की तितक्याच फुलतात.

डॉक्टर म्हणाले होते, घरातल्या बाकीच्यांनी गहू खायला हरकत नाही. वेगळा तवा, वेगळं पोळपाट-लाटणं, वेगळी चाळणी ठेवा. लाकडात पीठ मुरतं, चाळणीच्या जाळीत अडकतं. तुपाच्या भांड्यात पोळीचा चमचा जायला नको, लोणच्याच्या बरणीतही नको. ओटा आधी पुसा. आधी आम्ही तसं करून पाहिलं. नवरा पोळ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवायचा, सासूबाई त्यांच्या दोन पोळ्या वेगळ्या तव्यावर आधी करून घ्यायच्या. सगळं शिस्तीत चाललं होतं. फक्त लेक कुठल्याही डब्याला हात लावायच्या आधी विचारायला लागली. "आजी, हे माझं आहे का? हा चमचा माझा आहे का?" दुपारी भूक लागली तरी कुणी तरी घरी येईपर्यंत थांबायची. आपल्याच घरात पाहुण्यासारखी.

सासूबाई जन्मभर पोळी खात आलेल्या. रात्रीच्या जेवणात पोळी नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही, असं म्हणणाऱ्या. एके दिवशी त्यांनी आपला तवा घासून, पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकायला दिला. म्हणाल्या, "घरात एकीनं विचारून खायचं आणि बाकीच्यांनी न विचारता, हे मला नाही चालायचं." त्यावर चर्चा झाली नाही. नवरा बाहेर मिसळ-पाव खातो, ऑफिसात पोळी-भाजी खातो, घरी आल्यावर हात-तोंड धुतो. घरात मात्र गहू येत नाही. कुठलाही डबा उघडावा आणि खावं. या एका सोयीसाठी बाकी सगळी गैरसोय आहे, आणि मला ती कधीही जास्त वाटलेली नाही.

दळणाचा प्रश्न मात्र या निर्णयानं सुटला नाही. गिरणीवाल्या काकांना कशावर काय दळायचं याची उत्तम जाण असते. तांदूळ तांदळावर, डाळ डाळीवर, आणि ज्वारी बहुतेक वेळा गव्हावर, कारण दिवसभर गहूच जास्त दळला जातो. जात्याच्या पाळूंत आधीच्या दळणाचं पीठ राहतंच. ते थोडं इकडचं तिकडे होणार, हे सगळ्यांना मान्य असतं. काकांनी मनापासून सांगितलं, सकाळी पहिलं दळण तुमचं घेतो. पण कालचं शेवटचं गव्हाचं असणारच. म्हणून घरघंटी आली. ती सुरू झाली की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोपमोड होते, म्हणून तिची वेळ ठरलेली आहे.

त्याआधी निवडणं. शेतातून, पोत्यातून, दुकानातल्या मापातून येताना ज्वारीत गहू मिसळलेला असतो. दुपारी सासूबाई खिडकीशी ताट घेऊन बसतात, मी समोर. ज्वारीचा दाणा गोल, मोत्याच्या रंगाचा, मंगळवेढ्याकडची मालदांडी असली तर टपोरा. बोटांखालून घरंगळतो. गव्हाचा दाणा घरंगळत नाही, आडवा होऊन थांबतो, आणि त्याच्या पोटावर ती एक खोल रेघ असते. डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला लागतो. सासूबाईंना आता जवळचं नीट दिसत नाही, पण निवडण्यात त्यांची बरोबरी मला होत नाही. सापडलेले गहू त्या एका वाटीत टाकतात आणि संध्याकाळी गॅलरीबाहेरच्या कठड्यावर चिमण्या-कबुतरांसाठी ठेवतात.

ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणूनच भाकरी ही हाताची गोष्ट आहे. पीठ धरून ठेवणारं आत काहीच नसतं. उकळतं पाणी घालून ते थोडं चिकट करून घ्यायचं, गरम असतानाच तळहाताच्या टाचेनं परातीत रगडत राहायचं, भेग दिसली की पाण्याचा हात. पीठ ताजं हवं. फार दिवस राहिलं की त्याची विरी जाते आणि मग भाकरी थापताना कडेनं फाटत जाते. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या बेतात उलटायची, दुसरी बाजू झाली की थेट विस्तवावर. माझी आई डाव्या हातानं पुढची भाकरी थापत उजव्या हातानं तव्यावरची फिरवायची. मला दोन्ही एका वेळी जमत नाही. मी थांबून करते. भाकरी गरम असताना राणी असते, पण शाळेच्या डब्यात दुपारपर्यंत ती वातड होते. डब्यासाठी तांदळाची उकड काढून लाटलेल्या पातळ भाकऱ्या, घावनं, धिरडी, आमच्या भाजणीचं थालिपीठ. पुरणाला गव्हाची पारी लागत नाही. होळीला आम्ही पुरण तांदळाच्या पारीत भरतो, किंवा वाटीत घेऊन दूध-तुपाबरोबर खातो.

बाहेर पडलं की सगळं बदलतं. लग्नाच्या पंगतीत जिलबी नाही, पुरी नाही, हे कुणालाही समजतं. पण ज्या तेलात पुरी तळली त्यातच भजी तळलेली असतात. मठ्ठ्यात हिंग, मसालेभातात हिंग, इतकंच काय, साध्या वरणातही हिंग. उरतो पांढरा भात, तूप, मीठ, लिंबाची फोड. तेवढंच तिच्या पानात पाहून वाढणाऱ्यांचा जीव तुटतो. आग्रह सुरू होतो. एक घास खा, लग्नाचं आहे, एवढ्याशानं काय होतंय. आपल्याकडे आग्रह न करणं म्हणजे माया नसणं, हे मला ठाऊक आहे. मी त्याच वाढणाऱ्यांच्या घरात वाढले. पण "ग्लूटेन-फ्री" असं पाकिटावर छापायला आपल्या देशातला नियम किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घालतो. किलोभर अन्नात २० मिलिग्रॅम. घास सोडा, पोळीच्या चुऱ्यातही त्याहून जास्त असतं.

सत्यनारायणाचा प्रसाद नाकारणं सगळ्यांत कठीण. रवा, तूप, साखर, दूध, केळी, सगळं सव्वा मापानं, आणि वरून तुळशीचं पान. प्रसादाला नाही म्हणत नाहीत, एवढं तर लहान मुलालाही माहीत असतं. लेकीनं आपली एक रीत काढली आहे. ती दोन्ही हात पुढे करून प्रसाद घेते, कपाळाला लावते आणि तो माझ्या शेजारी बसलेल्या तिच्या बाबाच्या हातात देते. मग हात धुऊन येते. आमच्या घरी पूजा झाली तेव्हा प्रसादाचा शिरा तांदळाच्या रव्याचा केला होता. गुरुजींना आधी विचारलं. ते म्हणाले, भाव आणि सव्वा माप, दोन्ही असू द्या.

त्या मानानं उपवासानं आम्हाला फार सांभाळलं. साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, दाण्याचं कूट, तुपात जिऱ्याची फोडणी, आणि त्यात हिंग नसतो. कुणी कधी ठरवलं कोण जाणे, पण उपवासाच्या फराळात गहू शिरत नाही. प्रवासात आम्ही उपवासाची खिचडी मागतो आणि कढई वेगळी आहे का, ते विचारून घेतो. एकादशीला तर कुणी चौकशीही करत नाही. त्या दिवशी सगळं गाव आमच्यासारखं जेवतं.

जवळच्या नातेवाइकांची तपासणी करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, कारण हा आजार घराण्यातून येतो. माझी तपासणीही वाढलेली निघाली. थकवा, रक्त कमी, केस गळणं, तोंड येणं, हाडं दुखणं, हे सगळं मला कित्येक वर्षं होतं, आणि ते बाईपणाच्या खात्यावर जमा झालं होतं. बाळंतपण झालंय, पाळी जास्त जाते, जेवायच्या वेळा सांभाळत नाही. माझ्याशी कुणी कधी खोटं बोललं नाही. कुणी पुढे विचारलं नाही, एवढंच. गहू सोडल्यावर काही महिन्यांत रक्त वर आलं. जिने चढताना मधे थांबावं लागत नाही, हे मला एकदम जाणवलं, तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर. लेकीचं मात्र आधी मन सुधारलं, मग शरीर. वजन वाढायच्याही आधी तिची चिडचिड गेली. ती गाणं गुणगुणत होती, आणि आम्ही सगळे आपापली कामं थांबवून ऐकत होतो.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध लागला तो हॉलंडमध्ये. विलेम कारेल डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना १९३० च्या दशकातच पावाचा संशय होता. असं सांगतात की एका आईनं त्यांना सांगितलं होतं, पाव बंद केला की माझं मूल सुधारतं. मग १९४४-४५ चा हिवाळा आला, युद्धातला, भुकेचा. लोक ट्यूलिपचे कंद खाऊन राहिले. पाव मिळेनासा झाला आणि ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला, मुलं पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध १९५० साली प्रसिद्ध झाला. त्याआधी अमेरिकेत अशा मुलांना केळ्यांवर ठेवत; मुलं बरी होत, पण ती केळ्यांमुळे नव्हे तर गहू सुटल्यामुळे, हे ठाऊक नव्हतं. मला त्या आईबद्दल फार वाटतं. तिच्या बोलण्याकडे एका डॉक्टरनं लक्ष दिलं, म्हणून आज माझी लेक वर्गाच्या रांगेत मधे उभी राहते.

आमच्याकडे गहू रोजच्या जेवणात आला तोही भुकेच्या दिवसांतच, हे मनात येतं. माझी आजी सोलापूर जिल्ह्यातली. तिच्या लहानपणी पोळी सणाला, एरवी ज्वारीची भाकरी. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, गहू आला, आणि पुढे पोळी रोजची झाली, भाकरी मागे पडली. आता ज्वारी गव्हापेक्षा महाग मिळते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, शहरातल्या दुकानांत भाकरीच्या पिठाची देखणी पाकिटं आली. आम्हाला ती घेता येतात. ज्या घरात रेशनच्या गव्हावर महिना निघतो, त्या घरातल्या सीलिॲक असलेल्या मुलाचं काय होत असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही. उत्तर भारतात शंभरात सुमारे एकाला हा आजार आढळतो, दक्षिणेत हजारात सुमारे एकाला. उत्तरेत गहू जास्त खाल्ला जातो, म्हणून हा फरक, असं मानतात. या आजाराला लागणारे जीन्स दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात आढळतात. आपण महाराष्ट्रातले मधे आहोत, आणि आपल्या ताटात पोळी आता रोजची आहे.

लेक मोठी होते आहे. मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातलं ती सगळ्यांना देते, कुणाचं घेत नाही. मैत्रिणींना ते आता सवयीचं झालंय. वाढदिवसाला ती आपला खाऊ बरोबर नेते. लोकांच्या घरी ती नेहमी विचारेल, तिला विचारावंच लागेल, आणि ती ते न लाजता विचारते. शाळेतून आली की दप्तर टाकते, स्वयंपाकघरात जाते आणि हाताला येईल तो डबा उघडते.

तुमच्या घरी असं कुणी जेवायला येणार असेल, तर फार काही करू नका. मसाल्याची, हिंगाची, पापडाची पाकिटं फेकू नका. आल्यावर त्यांना वाचायला द्या. फळं धुतलेल्या सुरीनं त्यांच्यासमोर कापा. नाही म्हणाले तर आग्रह करू नका. आणि तुमच्या घरात एखादं मूल वाढत नसेल, औषध घेऊनही कुणाचं रक्त वर येत नसेल, तर डॉक्टरांना टीटीजी तपासणीबद्दल विचारा. तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. आधी सोडला तर आजार असूनही तपासणीत दिसत नाही.